नायकाच्या वाटचं पडणं

क्योतोच्या स्टुडिओत ज्यानं म्हणून कधी नायकाचे कपडे अंगावर चढवले, त्यानं तोकुइची शिबुतानीला एकदा तरी आपटलं होतं. कुणी खांद्यावरून, कुणी कंबरेवरून, कुणी नुसतं मनगट धरून. ज्याला स्वतःच्या खडावांचा तोल सांभाळता येत नव्हता अशा एका नटानं त्याला पुलावरून थेट नदीत भिरकावलं होतं, तेही फेब्रुवारीत. तोकुइची कुडकुडत काठावर आला, ओल्या अंगानं त्या नटासमोर कमरेत वाकला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, "फेकल्याबद्दल आभारी आहे."

नट म्हणाला, "नाही नाही, त्यात काय!" आणि खरंच त्यात त्याचं काही नव्हतं.

हा रिवाज कुणी घालून दिला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोठ्या खोलीतली माणसं तो पाळत. ज्यांची नावं पडद्यावर येत नाहीत त्यांनी जिथं एकत्र बसायचं, जेवायचं आणि हाकेची वाट बघायची, ती मोठी खोली. तिथं तलवारीनं मरणारे वेगळे, बाणानं मरणारे वेगळे, "पकडा, पकडा!" एवढंच ओरडून आयुष्य काढलेले वेगळे. तोकुइची त्यांच्यातला पडणारा. जिन्यावरून, छपरावरून, घोड्यावरून. त्याच्या पाठीचा आणि जमिनीचा इतका घरोबा होता की दोघींना एकमेकींचं आता काही लागत नसे.

विनोद असा की तोकुइचीला ज्यूदो येत होता. अगदी खराखुरा. फुशिमीच्या कुवाबारा गुरुजींच्या तालमीत तो वाढला होता. गुरुजी सकाळी हाडं बसवत आणि संध्याकाळी ज्यूदो शिकवत. गावात टवाळखोर म्हणत, संध्याकाळी मोडतात म्हणून तर सकाळी गिऱ्हाईक मिळतं. तोकुइची त्यांचा सगळ्यांत तयारीचा चेला. गुरुजींनी त्याला आपला पट्टा दिला, मग आपली मुलगी फुमिए दिली, आणि शाळेत ज्यूदोचा मास्तर म्हणून चिकटवायचं नक्की केलं. तेवढ्यात देश लढाई हरला. जिंकलेल्यांनी येऊन शाळांतला ज्यूदो बंद केला, म्हणाले, यानं खुमखुमी वाढते. तोकुइचीनं काही वर्षं दारूच्या भट्टीवर पिंपं उचलली. मग स्टुडिओला न मोडता पडणारी माणसं हवी झाली.

पहिल्या दिवशी तिथल्या माणसानं विचारलं, "पडता येतं?"

"येतं. तालमीत पहिल्यांदा तेच शिकवतात."

"वा. मग त्यानंतरचं सगळं विसर."

तोकुइची आज्ञाधारक होता. विसरला.

गुरुजी मात्र विसरले नाहीत. जावयाचा पहिला सिनेमा ते कौतुकानं बघायला गेले आणि अर्ध्यातून उठून तडक मुलीच्या घरी आले. खडावा काढल्या नाहीत. दारातूनच बोलले.

"माझ्या तालमीतला माणूस त्या पावडर थापलेल्या पोराकडून पडतो?"

"बाबा, काम आहे ते त्यांचं."

"काम? अगं, त्यानं ओढायच्या आधी यानं उडी मारली! मी डोळ्यांनी बघितलं. पहिल्या दिवशी पडायला शिकवतात, फुमिए, म्हणजे दुसऱ्या दिवशी फेकायला शिकवता येतं. तुझा नवरा पहिल्याच दिवसात अडकलाय."

"आत तरी या. चहा—"

"हा कुणालातरी फेकताना मला दिसेल ना, त्या दिवशी तुझ्याकडे जेवायला येईन. तोवर नाही."

म्हातारा शब्दाचा पक्का निघाला. नवीन वर्षाला लेक-जावई फुशिमीला नमस्काराला जात. गुरुजी जावयाला चहा देत, लेकीची विचारपूस करत, आणि चहाचा पहिला घोट पोटात उतरतो न उतरतो तोच गोड आवाजात म्हणत, "चहाभात खाऊन जाता का?" क्योतोत कुणी असं विचारलं की चहाही खायचा नसतो आणि भातही, उठून चपला घालायच्या असतात. फुमिए दर वर्षी परतीच्या ट्राममध्ये खिडकीकडे तोंड करून बसे. तोकुइचीनं तिला एकदा म्हटलं, "मी दुसरं काम बघू का?" तर ती म्हणाली, "तुम्हाला दुसरं काय येतं?" त्यात टोमणा नव्हता, तिनं मनापासून विचार करून बघितला होता.

मग 'बर्फाखालचा बांबू' आला.

ज्यूदोचा सिनेमा. शरद ऋतूत लावायचा होता. नायक हायामी रेईजिरो, ज्याच्या हसण्यावर दंतमंजन खपायचं. सहायक दिग्दर्शक मिनोबे मोठ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तोकु-सान, जरा बाहेर या."

"कुठून पडायचंय?"

"पडायचं नाही. म्हातारा हमाल आहे एक, धक्क्यावरचा. नायक तेव्हा माजलेला असतो, हमालाला ढकलतो. आणि हमाल त्याला आडवा करतो. तिथं नायकाचे डोळे उघडतात, मग तो गुरू शोधायला जातो."

"बरं. म्हणजे नायक ज्यांना ढकलतो त्या गर्दीत मी."

"तुम्ही हमाल."

तोकुइचीनं थोडा विचार केला. "मग हायामी-सान उठून मला कधी फेकतात?"

"फेकत नाहीत. ते पडलेलेच राहतात, तुम्ही पोतं उचलून निघून जाता."

"आणि शेवटी? सूड वगैरे?"

"नाही हो! शेवटी ते येऊन तुमच्या पाया पडतात, पण तुम्ही मेलेले असता."

तोकुइचीला हे इतकं चांगलं वाटलं की त्यानं ते मिनोबेकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

घरी फुमिए जुन्या किमोनोची शिवण उसवत बसली होती. त्यानं सांगितलं. तिनं सुई सुयांच्या उशीत खोचली.

"शपथ घ्या."

"अगं खरंच."

"चेहरा दिसणार? का नेहमीसारखी पाठ?"

"चेहरा दिसणार. मी विचारून घेतलंय."

"आणि तुम्ही त्याला फेकणार. तो तुम्हाला नाही."

"मी त्याला."

ती उठली, बाहेरची चप्पल घातली, आणि कुठं निघालीस म्हणून तो विचारेपर्यंत ट्रामच्या थांब्यावर पोचलीसुद्धा. फुशिमीला बाप कुणाचा तरी घोटा बसवत होता. गिऱ्हाईक विव्हळत होतं त्यातच हे संभाषण झालं.

"बाबा, ते फेकणार आहेत."

"कुणाला?"

"हायामी रेईजिरोला."

"तो दातवाला? त्याला तर आमची मासेवाली पण फेकेल." गुरुजींनी घोटा एकदा फिरवला, गिऱ्हाइकानं देवाचं नाव घेतलं. "पण फेक ती फेक. दिसली तर येईन."

फुमिए परत आली ती गल्लीतल्या टोफूवालीला सांगूनच. टोफूवालीला सांगितलं म्हणजे मग वेगळं कुणाला सांगावं लागत नाही.

नायकाला फेकायचं म्हणजे आधी त्याची माफी मागायला हवी. तोकुइचीनं लाल घेवड्याच्या वड्यांचा खोका बांधून घेतला आणि हायामीच्या खोलीच्या दाराशी गुडघे टेकले.

"येत्या आठवड्यात आपल्याला फेकण्याचा उद्धटपणा माझ्याकडून होणार आहे. आधीच क्षमा असावी."

"अरे, तोकु-सान! या या!" हायामी खरोखरच भला माणूस होता, म्हणूनच त्याच्यावर रागावणं अवघड जाई. "फेका हो, मनापासून फेका! किती वर्षं मी फेकतोय तुम्हाला. आता तुमची पाळी. या कुठल्या वड्या? गोष्टच वेगळी आहे!"

चित्रीकरणाआधीच्या सरावाचा दिवस उजाडला. दिग्दर्शक ओकिता खुर्चीत, मोठ्या खोलीतले सगळे भिंतीला लागून; आपल्यातला एक जिंकणार म्हणून कुणी जेवायलासुद्धा गेलं नव्हतं. तोकुइचीला पिकलेली दाढी लावली होती. हायामी दमदार पावलं टाकत आला, "बाजूला हो, म्हाताऱ्या!" म्हणाला आणि त्यानं त्याची गळपट्टी धरली.

तोकुइची हवेत गेला. सुरेख वळला आणि पाठीवर पडला, हात जमिनीवर थाडकन वाजला.

 हायामी आपल्या हाताकडे बघत राहिला. "मी काही केलं नाही हो."

"शिबुतानी," ओकिता म्हणाला, "आज तू फेकायचंस."

"हो साहेब. चुकलं."

पुन्हा. "बाजूला हो, म्हाताऱ्या!" गळपट्टी. तोकुइची या वेळी पाय रोवून उभा होता, दात आवळून, मनात "नाही, नाही" म्हणत. तरी गेला. उलट आधीपेक्षा उंच गेला. भिंतीकडून खसखस ऐकू आली. तिसऱ्या वेळी कॅमेरामननं याचे पाय बांधू का म्हणून विचारलं.

"तुला जिंकायला आवडत नाही का?" ओकितानं विचारलं.

"आवडतं साहेब. अंगापर्यंत निरोप पोचत नाहीये."

चौथ्या वेळी त्यानं डोळे मिटले. गळपट्टीवर हात पडला तेव्हा तो हायामीचा आहे, नायकाचा आहे, पगार देणाऱ्यांचा लाडका आहे, हे त्याला दिसलं नाही. दिसली फक्त फुशिमीची तालीम, गवताच्या चटयांचा वास. तो वळला, गुडघ्यात बसला, आणि हायामी कापसाच्या गाठोड्यासारखा त्याच्या पाठीवर आला. वजन नेमकं जिथं यायला हवं तिथं. आता फक्त पुढं झुकायचं. इतक्या वर्षांनी हे त्याला परत मिळालं होतं. पाण्यात पडलेली अंगठी पायाला लागावी तसं.

"उतरवा!" पाठीवरून आवाज आला. "उतरवा मला! मान! माझी मान!"

तोकुइचीनं त्याला खाली ठेवलं. मुलींच्या सणाला बाहुली पायरीवर मांडतात, तसं, केसही न विस्कटता.

त्यानंतर कंपनीचा माणूस आला. मग आणखी एक, पहिल्यापेक्षा जाड. हायामीचे आणखी दोन सिनेमे रांगेत उभे होते आणि दंतमंजन तर कायमचंच. मान जमिनीला लागता कामा नये. खरं तर जमिनीनं मानेकडे बघताही कामा नये. ठरलं असं: पाठीवर घेईपर्यंत हायामी, तोकुइचीचा चेहरा, मोठ्ठा, जवळून. तिथं दृश्य तोडायचं. पडायला बदली माणूस.

मिनोबे मोठ्या खोलीत आला तो खाली मान घालूनच. "तोकु-सान, एक अडचण आहे. बदली माणूस."

"घ्या ना. कोण आहे?"

"हायामी-सानची उंची, तसे खांदे, तशीच चण... मोठ्या खोलीत एकाचीच आहे."

"कुणाची?"

मिनोबेनं चष्मा काढून पुसला. "तुम्हीच नाही का त्यांच्या बदली घोड्यावरून पडत?"

खोलीतले मेलेले, मारलेले, पळालेले सगळे एकदम आपापल्या डब्यांत बघू लागले.

"मी पडलो, तर मला फेकणार कोण?" तोकुइची म्हणाला.

"तुम्हीच. म्हणजे तुमची दाढी लावून कामेदा. पाठमोरा."

"म्हणजे मी मला फेकायचं."

"इथं. पडद्यावर तुम्ही हायामी-साननाच फेकता."

कामेदा ओत्सूचा, नुकताच स्टुडिओत आलेला. आत्तापर्यंत फक्त गर्दीत पळाला होता. धक्क्याच्या फरशीवर, ओल्या दगडांत, हमालाच्या कपड्यांत तो उभा राहिला. "दादा, मी कधी कुणाला फेकलेलं नाही."

"मीही बऱ्याच दिवसांत नाही. ये, धर. असा. कंबर खाली घे. आणखी. बरं, असू दे."

नायकाचे कपडे घातलेल्या तोकुइचीला ओकितानं जवळ बोलावलं. "हे बघ, हा नायक अजून पडायला शिकलेला नाही. शिकतो तो शेवटी. तेव्हा तुझं ते सुंदर पडणं नको. अडाण्यासारखा पड."

ज्या एका गोष्टीत आपण चांगले आहोत तीही वाईट करून दाखवायची, एवढंच आता उरलं होतं. तोकुइचीनं आठवून बघितलं. तालमीत नवी पोरं कशी पडत? हात पुढं टाकून, कोपर ताठ, डोकं मागं, तोंड उघडं. सकाळी गुरुजींच्या ओट्यावर ती मनगटं सुजलेली यायची. त्यानं ते सगळं अंगावर घेतलं. कामेदानं डोळे मिटून त्याला ओढलं, तो वेडावाकडा, कोलमडत, अगदी गचाळ गेला. दगड यायच्या एक पापणी आधी हनुवटी छातीला टेकवली, डोकं वाचलं. उजव्या खांद्यात मात्र काहीतरी लाकडासारखं वाजलं.

"कट! झकास! अगदी भिकार पडलास!" ओकिता टाळ्या वाजवत म्हणाला.

आता रिवाज. पडणाऱ्यानं फेकणाऱ्याचे आभार मानायचे. तोकुइची कामेदापुढे वाकला. कामेदा घाबरून त्याच्याहून खाली वाकला. दोघांची डोकी आपटली. तेवढ्यात छत्रीखालून, हातात थंड चहा घेऊन हायामी आला. रिवाजाचा तो पक्का होता. तोकुइचीसमोर उभा राहून मनापासून कमरेत वाकला.

"तोकु-सान, फेकल्याबद्दल आभारी आहे."

घरी फुमिए दारातच होती. "कसं झालं?"

"झालं."

"फेकलंत?"

"पडद्यावर दिसेल की."

"उजवा हात वर का होत नाहीये?"

तोकुइचीनं तोंड उघडलं. सांगायचंच होतं. पण तिनं कोपऱ्यात नवी आसनं घडी घालून ठेवलेली त्याला दिसली, बापासाठी शिवलेली. "हायामी-सान जड आहेत," तो म्हणाला.

त्या काळी सिनेमा आज थापला की उद्या ताटात. दोन आठवड्यांच्या आत 'बर्फाखालचा बांबू' लागला. गुरुजी ठेवणीतला काळा अंगरखा घालून आले, लग्नाला यावं तसे, आणि लेक-जावयाच्या मध्ये न बसता लेकीच्या पलीकडे बसले. धक्क्याचा देखावा येईपर्यंत त्यांनी तीन नटांच्या उभं राहण्याला नावं ठेवली.

मग पडद्यावर तोकुइचीचा चेहरा आला. घराएवढा. पिकली दाढी, सुरकुत्या, बारीक डोळे. मागून टोफूवाली किंचाळली, "तोकु-सान!" फुमिएनं दोन्ही हात तोंडावर धरले. हमाल वळला, नायक पाठीवर आला, हायामीचा चेहरा उलटा झाला, आणि नायक गेला. वेडावाकडा हवेतून, दगडांवर.

फुमिएचे हात तोंडावरून हळूच खाली आले. तिनं पाय बघितले होते. ते पाय तिनं इतकी वर्षं चोळले होते, शेकले होते, त्यांना पट्ट्या बांधल्या होत्या. दंतमंजनवाल्याचे ते नव्हते. तिनं डावीकडे नवऱ्याकडे बघितलं नाही. उजवीकडे बाप खुर्चीच्या टोकाला आला होता, गुडघ्यांवर मुठी ठेवून.

"आजोबा, मागं बसा, दिसत नाही," मागून कुणी म्हणालं.

"दिसतंय कुणाला इथं?" गुरुजी म्हणाले, पण मागं बसले.

बाहेर आल्यावर ते थांबले. जावयाशी थेट बोलायची सवय मोडली होती, त्यामुळे सुरुवात खोकण्यानं झाली.

"फेकलंस."

तोकुइची पुटपुटला, "हं."

"दिसलं. बोललो होतो, येईन. रविवारी येतो." फुमिएचे डोळे भरून आले. म्हातारा पुढं म्हणाला, "पडला तो कोण?"

"हायामी-सान..."

"मला शिकवू नकोस. त्या बाहुल्याला पाटावरून धड उठता यायचं नाही. उचललास तो तोच होता, पडला तो वेगळा. कोण?"

"आहे. स्टुडिओतलाच एक."

"त्यालाही बोलव."

"त्याला? कशाला?"

"अडाण्यासारखा पडला तो! ज्याला पडता येतं त्याला तसं पडवत नाही, अंग ऐकत नाही. आणि ज्याला येत नाही तो तसा पडला तर मान मोडून घेतो. मला नाही कधी जमलं ते. मला बघायचाय तो माणूस." आणि ते ट्रामकडे निघून गेले.

लेक-जावई गल्लीपर्यंत चालत आले. टोफूवाली आणि इतर मागं राहिल्यावर फुमिए म्हणाली, "छान फेकलंत."

"हं."

"पडलातही छान."

तोकुइची थांबला. ती थांबली नाही.

"फुमिए, मी सांगणार होतो."

"रविवारी बाबांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी माशाचं बघते."

ती खरंच फक्त माशाचं बघत राहिली. रविवारी बांगड्याची सुशी झाली, चेस्टनट घातलेला भात झाला, साके कोमट करून ठेवली. नवी आसनं अंथरली: एक वडिलांचं, एक नवऱ्याचं, आणि एक त्या तिसऱ्याचं. तिसऱ्यासमोर ताटही मांडलं. तोकुइची ते ताट बघत उभा राहिला. "अहो, बसा," ती म्हणाली.

गुरुजी आले. उंबऱ्याशी खडावा काढल्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट लावल्या, आत आले. ज्या घरात ते इतकी वर्षं आले नव्हते त्याचं छत, खिडकी, चूल काही बघितलं नाही. बसले आणि रिकाम्या आसनाकडे बोट केलं.

"आला नाही अजून?"

"येतील," फुमिए म्हणाली.

म्हाताऱ्यानं बाहीतून एक पुडकं काढून ताटाशेजारी ठेवलं. घरचा काळा लेप. खोलीभर कापराचा वास पसरला. "त्याच्यासाठी. उजवा खांदा गेला असणार बिचाऱ्याचा. डोकं वाचवलं त्यानं, पण त्याचा भुर्दंड खांद्यावर पडला. कुणी बघितलाय की नाही कोण जाणे. सिनेमातले लोक, त्यांना तोंडापलीकडे हाडं असतात हेच ठाऊक नाही."

पाहुणा आल्याशिवाय जेवायचं नव्हतं. साके निवली, फुमिएनं परत तापवली. परत निवली. गुरुजींनी पावसाबद्दल विचारलं, तोकुइचीनं पावसाबद्दल सांगितलं. "वेळेचं भान नाही या सिनेमावाल्यांना," म्हातारा म्हणाला. "पण तू फेकलंस मात्र. कंबर जरा उंच होती, पण फेकलंस."

तोकुइचीला सोपं उत्तर सुचलं होतं. त्याला ताप आलाय, निरोप आलाय. म्हातारा लेप ठेवून देईल, पोटभर जेवेल, फेकणाऱ्या जावयाच्या घरून तृप्त होऊन जाईल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईल. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. "तो माणूस," त्यानं सुरुवात केली, "त्याला..." आणि फुमिएकडे बघितलं. ती ना 'सांगा' म्हणत होती ना 'नका'. ती त्याच्या उजव्या खांद्याकडे बघत होती.

तोकुइची उठला. ताटांना वळसा घालून पलीकडे गेला, तिसऱ्या आसनावर गुडघे मोडून बसला आणि सासऱ्यापुढे वाकला.

"उशीर झाला. माफ करा."

मग डाव्या हातानं किमोनो उजव्या खांद्यावरून खाली सरकवला. खांदा मानेपासून दंडापर्यंत काळानिळा होता, कडांना पिवळा पडत आलेला.

गुरुजींनी खांद्याकडे बघितलं. मग समोरच्या, आता रिकाम्या झालेल्या आसनाकडे. मग पुन्हा खांद्याकडे. त्यांनी पुडकं सोडलं, बाह्या वर सारल्या आणि अंगठा नेमका सांध्यात रुतवला.

"आई गं!"

"इथं?"

"हो हो हो."

"केव्हापासून?"

"तेव्हापासून."

"गाढव." म्हाताऱ्यानं लेप बोटांवर घेतला आणि थापायला लागला.  मग खांद्याशीच बोलावं तसे म्हणाले, "म्हणजे फेकणारा कोण?"

"कामेदा म्हणून आहे. ओत्सूचा."

"कंबर उंच ठेवतो. सांग त्याला."

"सांगितलंय."

"म्हणजे तू कुणालाच फेकलं नाहीस."

"नाही."

"पाठीवर तरी घेतला होतास?"

"घेतला होता. ते ओरडले. खाली ठेवला."

"हं." लेपाची शेवटची बोटं दंडावरून उतरली. "म्हणजे माझं इथं येणं चुकलं."

 फुमिए चुलीपाशी पाठ करून उभी होती. झाकण हातात, ठेवतही नव्हती, उचलतही नव्हती.

गुरुजींनी दाराकडे, आपल्या खडावांकडे बघितलं. मग आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले. कोपरापर्यंत काळे, चिकट, कापरानं घमघमणारे.

"आता या हातांनी खडावा कुठं धरू?" ते चिडून म्हणाले. "फुमिए, पाणी आण हात धुवायला. आणि साके निवलीय ती राहू दे, भात तेवढा गरम वाढ."